दोडक्यांचा मांडव

दिवस कलला की दोडक्याची फुलं उमलतात, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. सगळी सृष्टी मिटायच्या तयारीला लागते, गुरं धूळ उडवीत घराकडे वळतात, चुलींचा धूर छपरांवर रेंगाळू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी मांडवावरच्या दाट पानांमधून ती पिवळीधमक फुलं एकेक करून जागी होतात. त्यांना स्वतःचा असा गंध फारसा नसतो. गंध असतो तो पानांचा. येता-जाता खांद्याला घासलेलं पान एक हिरवा, कच्चा, किंचित उग्र वास सोडतं, आणि तो पदराला, केसांना, पाण्याच्या कळशीलासुद्धा चिकटून आपल्याबरोबर घरात येतो. अजूनही बाजारात दोडके निवडताना तो वास आला की माझा हात क्षणभर थांबतो. भाजीवालीला वाटतं, बाईंना माल पसंत पडला नाही.

सन पन्नासनंतरची ती वर्षं. कामरगावाच्या पुढं, मोटाररस्ता सोडून आत वळलेल्या एका गावात मी मुलींना शिकवायला गेले होते. गाव काळ्या मातीचं, कपाशी-ज्वारीचं. पण ओढ्याच्या काठानं माळ्यांचे चार-दोन मळे होते, आणि त्यांतली वांगी, मिरच्या, दोडके बैलगाड्यांतून कारंजाच्या बाजाराला जात. त्यांतल्याच एका मळ्यात, सरजामावशींच्या घराच्या ओसरीलगतची खोली मला मिळाली होती. मावशी उंच, सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. कामाला वाघ आणि बोलण्यात फार काटकसरी. त्यांचे यजमान दौलतराव जे काही बोलायचं ते मोटेच्या बैलांशी बोलत. मूलबाळ नव्हतं. खोलीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर दोडक्यांचा मांडव, आणि त्याच्या खालून ओढ्यावर जाणारी गावाची पायवाट.

माझं लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत विषमज्वरानं नवरा गेला होता. सासरी मला पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडलं, आणि माहेरी भावाच्या संसारात माझ्यासाठी एक जागा कायमची राखून ठेवलेली होती, ती चुलीपुढची. वहिनी वाईट नव्हती, पण तिला फुकटची स्वयंपाकीण मिळाली होती आणि ती सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती. भांडून, रडून, उपाशी राहून मी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि या आडगावी आले. तेव्हा ती खोली माझ्यासाठी काय होती, ते सांगायला हवं. ती गेली असती तर त्या गावात एकट्या विधवेला दुसरं दार उघडलं नसतं, आणि छप्पर नाही म्हटल्यावर नोकरीही राहिली नसती. मग उरली असती पुन्हा तीच चूल.

मी एकटी होते, हे वाक्य लिहायला सोपं आहे. शाळेत मुलींच्या गलबल्यात ते जाणवत नसे. पण रविवारची दुपार अंगावर यायची. लुगडं धुऊन झालं, कंदिलाची काच पुसून झाली, तांदूळ निवडून झाले, आणि ऊन मात्र होतं तिथंच. जणू त्या उन्हालाही जायला दुसरं घर नव्हतं. कधीकधी मी मोठ्यानं कविता म्हणे, निव्वळ मनुष्याचा आवाज कानावर पडावा म्हणून. बाहेर मोटेचं चाक कुरकुरत असायचं. त्याचाही आधार वाटायचा.

अशाच एका भाद्रपदातल्या संध्याकाळी मी मांडवाखाली उभी होते. फुलं उमलू लागली होती आणि आदल्या दिवशीच्या, मिटून गेलेल्या फुलांच्या पाठीशी नखाएवढे, करंगळीएवढे कोवळे दोडके लटकत होते. इतक्या चिमुकल्या अंगावरही शिरा अगदी मोठ्या दोडक्यासारख्या रेखीव. मला एकदम भरून आलं. कितीतरी महिन्यांत मला असा आनंद झाला नव्हता. वर्गात मुलींची हजेरी घ्यावी तसं मी एकेका फळाकडे बोट करीत ओरडले, “मावशी, हे पाहा! इथं एक, इथं दोन, आणि हे इथं तर झुंबरच!”

पायवाटेनं मावशींची जाऊ गुंफाबाई कळशी घेऊन चालली होती. ती जागच्या जागी थबकली. “अव्वो बाई, सरळ बोट!” एवढंच ती म्हणाली.

मावशी मिरच्या तोडत होत्या, त्या उठून जवळ आल्या. रागावल्या नाहीत. माझं बोट हातात धरून त्यांनी ते हळूच दुमडलं. “असं मोडून दाखवा, बाई. कवळ्या फळाले सरळ बोट दाखवू नाई. कुजते ते.”

आमच्या शहरातल्या घरी वेल कुठला असायला? भाजी यायची ती पाटीतून. मला हे माहीत नव्हतं. मी हसले, दुमडलेल्या बोटानं पुन्हा एकदा फळं दाखवली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर आभाळ भरून आलं ते बरेच दिवस उघडलंच नाही. पाऊस धड पडेना आणि ऊनही पडेना. हवा ओल्या फडक्यासारखी जड झाली. मांडवावरचे चिमुकले दोडके टोकाकडून पिवळे पडू लागले, मग मऊ, मग काळपट. सकाळी मी शाळेला निघाले की मांडवाखालची जमीन गळलेल्या फळांनी भरलेली असे. मावशी खाली बसून ती पाटीत गोळा करीत, उकिरड्यावर टाकीत आणि मिरच्यांकडे वळत. दोडक्याची ती खेप पार बुडाली. कारंजाला गाडी गेली ती अर्ध्या भारानं.

गावात बोलणं कसं पसरतं, हे कुणी कधी पाहिलेलं नाही. मला एवढंच दिसलं की ओढ्यावर मी पोचले की बायकांचं बोलणं थांबायचं. वर्गातल्या रांगा विरळ होऊ लागल्या. कुणाचा ताप, कुणाची मामाच्या गावाला रवानगी, कुणी नुसतीच नाही. एकदा एक लेकुरवाळी बाई समोरून येत होती. मला पाहताच तिनं कडेवरच्या बाळाच्या तोंडावर पदर ओढला. बाळ माझ्याकडे पाहून हसत होतं. त्या पदराइतकं मला आयुष्यात दुसरं काही लागलं नाही.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस, घसा खाकरत म्हणाला, “बाई, मी असलं काही मानत नाही. पण लोकांना कोण समजावणार? त्यापेक्षा थोडे दिवस भावाकडे जाऊन या.” न मानणाऱ्याचा सल्ला आणि मानणाऱ्यांची इच्छा शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळत होती, याची खरं तर मला गंमत वाटायला हवी होती. मला रडू आलं.

आणि मी? मी तर शिकलेली. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, हे फळ्यावर वर्तुळं काढून मुलींना सांगणारी. पण दिवेलागणीला खोलीत आले की मी उजव्या हाताचं ते बोट दिव्यापुढं धरून पाहत बसे. साधं बोट, खडूनं कोरडं पडलेलं. आधी नवरा गेला, आता हे दोडके. सासूबाई म्हणाल्या होत्या ते तेव्हा मला क्रूर वाटलं होतं. आता ते हिशेबात बसू लागलं होतं. दुसऱ्यांनी आपल्याला अपराधी ठरवलं की माणूस निदान भांडू शकतो. आपणच ठरवल्यावर भांडायचं तरी कुणाशी?

मावशी मात्र काही बोलल्या नाहीत. ओसरीवर त्यांची पावलं वाजली की मी श्वास धरून बसे. आता म्हणतील, बाई, खोली रिकामी करा. एकदा तर मी ट्रंकेत कपडे भरून, वर दोर बांधून तयार बसले होते. मावशी दारात आल्या, त्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “ज्वारी दळायची हाय का तुमची? मी जात्यावर बसून राह्यली.” मी मुकाट्यानं दोर सोडला आणि ज्वारी काढून दिली. कार्तिकात त्यांनी वेल उपटले, मांडव मोकळा झाला, आणि त्याच्या उघड्या काठ्यांमधून थंडीचं ऊन थेट माझ्या दारापर्यंत येऊ लागलं. मी त्या उन्हात वह्या तपासत बसे. त्या विषयावर आमच्यात एक अक्षरही निघालं नाही.

माघात उन्हाळी दोडक्याची लावणी. मांडवाच्या खांबांशी आळी करून, त्यांत कुजकं शेणखत मिसळून ठेवलेलं असतं. बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या घरी रीत अशी की पहिल्या आळ्यातलं पहिलं बी सवाष्णीनं लावायचं. मातीला हळदकुंकू वाहायचं, सवाष्णीच्या हातून बी मातीत जायचं, मग बाकीच्यांनी कामाला लागायचं. त्या सकाळी गुंफाबाई न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून, हिरव्या बांगड्या मागेपुढे करीत आली होती. आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. अशा वेळी आपण दिसू नये, हे मला शिकवावं लागत नव्हतं. मी दार लोटून आत बसले होते.

“बाई, बाहेर या जरा,” मावशींची हाक आली.

मी दारात आले. मावशींनी मातीला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यांनी फडकं सोडलं, त्यातलं एक बी उचललं आणि माझ्यापुढं हात केला. “पयलं बी तुमी लावा.”

गुंफाबाईच पुढं होऊन म्हणाली, “जाऊबाई, काय करून राह्यल्या तुमी? मांडव उभा करता का बसवता?”

“नको मावशी,” मी म्हटलं, “हे मला नका सांगू. पुन्हा काही झालं तर मी कुठं जाऊ?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या गुंफाबाईकडे वळून बोलल्या, आणि त्यांना एका दमात एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “बोटानं कवळं फळ कुजते, हे काई खोटं नाई, गुंफा. माह्या मायनं मले सांगतलं, तिले तिच्या मायनं. पन या मांडवाखालून सारं गाव वढ्यावर जाते. त्यात कोनाचं बोट, कोनाची नजर, का त्या आभाळाचंच काई, मी काय इथं पहारा देत बसली होती? जे मले दिसलंच नाई, ते या पोरीच्या डोक्यावर कायले ठेवू?”

“अन याही खेपेले गेलं तं?”

“तं माह्यं जाईन. तुह्यं काय जाते?”

पोरगी! नवरा गेल्यापासून मला कुणी पोरगी म्हटलं नव्हतं. मी होते ती बिचारी, ती अवदसा, किंवा फार तर बाई. मला वाटतं, त्या एका शब्दामुळंच मी खाली बसले. बी काळं, चपटं, खरखरीत होतं आणि भिजून जरासं फुगलेलं. माझा हात इतका थरथरत होता की ते आळ्यात सरळ पडेना. मावशींनी वरून माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून माती सारखी केली. गुंफाबाई तोंड वळवून उभी होती. पण पुढच्या आळ्याचं बी लावायला वाकली तीच पहिली, हेही सांगायला हवं.

पुढं काय झालं, हे वाचणाऱ्याला साहजिकच विचारावंसं वाटेल. मीही तेव्हा रोज सकाळी उठून पहिल्यांदा त्या आळ्यापाशीच जात होते. बी उगवलं. वेल चढला. चैत्रात फळं धरली; त्यांतली काही पिवळी पडून गळली, जशी कुठल्याही वेलावरची गळतात, आणि बाकीची वाढली. भरघोस म्हणावं असं ते पीक आलं नाही, बुडालं असंही नाही. साधारण वर्ष, साधारण दोडके. माझ्या बाजूनं किंवा माझ्याविरुद्ध कुणाला काही म्हणता यावं, एवढाही कौल त्या मांडवानं दिला नाही. मुली मात्र एकेक करून वर्गात परतल्या. अफवा बहुधा कंटाळ्यानं मरत असाव्यात.

मी त्या खोलीत आणखी काही वर्षं काढली. मग बदली झाली, मग आणखी एक बदली. नवी गावं, नव्या खोल्या, नव्या रविवारच्या दुपारी. एकटेपण माझ्याबरोबर सामानासारखं हिंडत राहिलं. पण आता माझ्यापाशी एक ठेवा होता. फारच उदास वाटलं की मी मनाशी म्हणे, या जगात एक माणूस असं आहे की ज्याचा आपल्यावर पूर्ण विश्वास होता. सगळं गाव एकीकडे असताना ज्याच्या मनात तिळाएवढीही शंका आली नाही. त्या वाक्याची ऊब मला कितीतरी हिवाळे पुरली.

त्या दशकाच्या अखेरीअखेरीस कारंजाला काही कामानिमित्त आले होते, तेव्हा मुद्दाम मोटारीनं त्या गावी गेले. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. दौलतराव मोटेवर होते. त्यांनी मान हलवून ओळख दिली आणि बैलांना काहीतरी सांगितलं. मावशी वांग्यांत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मीही पदर खोचून शेजारी वांगी तोडायला बसले. गुंफाबाईच्या नातवाचं, पाण्याचं, पाठदुखीचं बोलणं झालं. मग, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न लाडानं विचारावा, तसं मी विचारलं, “मावशी, त्या वर्षी तुम्हांला माझा जरासुद्धा संशय आला नाही?”

“आला नं,” मावशी म्हणाल्या.

माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

“लय आला. रोज सकाळी फळं वेचू अन तुमचं बोटच डोळ्यापुढं ये.”

“आणि... बी लावायच्या दिवशी?”

“त्या दिवशी तं लय भेव वाटत होतं.” त्या हसल्या. पुढचा एक दात पडला होता. “माहाच हात कापे, म्हून तं तुमच्या हातावर ठेवला.”

“मग मला ठेवून का घेतलंत?” मी विचारलं.

मावशींनी एक किडकं वांगं पाहिलं, बाजूला फेकलं. “संशय काय इचारून येते, बाई? आला, बसला. पन त्याच्या सांगन्यावरून मी तुमाले घराबाहेर काढावं, एवढा तो शहाना हाय का, हे मले समजत नव्हतं.” पुढचं वांगं तोडत त्या म्हणाल्या, “अजून बी समजलं नाई.”

मग त्यांनी माझ्या पिशवीत वांगी भरली, वर मिरच्या ठेवल्या, आणि मोटार चुकेल म्हणून मला घाईनं उठवलं.

रस्त्याकडे चालताना प्रथम मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेली वस्तू कुणीतरी हसत हसत हातातून काढून घेतली होती. माझ्यावर पूर्ण विश्वास असलेलं ते माणूस जगात कधी नव्हतंच. दोन्ही बाजूंच्या शेतांत कापूस फुटला होता, वेचणीच्या बायका ओळीनं वाकलेल्या होत्या आणि त्यांच्यातली कुणीतरी गात होती. माझे वडील एका वकिलाकडे कारकून होते. एखादा आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला की ते जरा नाक मुरडून म्हणत, सुटला, पण निर्दोष काही ठरला नाही. मलाही मग तसंच सोडून दिलं होतं का?

पण चालता चालता पाऊल हलकं होत गेलं, ते का, हे मला नीट सांगता येणार नाही. ज्याची खात्री असते त्याला भीती कशाची? त्याचा हात कशाला कापेल? मावशींना खात्री नव्हती. त्यांना भीती वाटत होती, त्यांचा सगळा मांडव पणाला लागला होता, आणि त्यांच्या मायनं सांगितलेलं सगळं त्यांना खरं वाटत होतं. आणि तरीही त्यांनी ते बी माझ्या हातावर ठेवलं होतं. शंका मनात बसलेली असताना तिच्याच शेजारी त्यांनी मलाही बसायला जागा दिली होती. मी स्वतःला एवढी जागा कधी दिली होती? मला तर निकाल हवा होता, कुठलाही चालला असता. त्या बाईनं वर्षानुवर्षं निकालच लावला नव्हता, आणि मी तिच्या ओसरीवर सुखानं राहत होते.

मोटार आली. आत गर्दी नव्हती. शेजारी बसलेल्या बाईनं माझी वांग्यांची पिशवी आपल्या पायांशी सरकवून घेतली आणि चौकशी केली, “तुमी कुठच्या, बाई?” या प्रश्नाला मी नेहमी अडखळत असे. सासर सांगायचं नव्हतं, माहेर सांगवत नव्हतं. मी नोकरीचं गाव सांगून वेळ मारून नेत असे. त्या दिवशीही मी जरा थांबले. मग ज्या गावाहून आत्ताच निघाले होते, त्या गावाचं नाव सांगितलं.